फोनवरची कोमल

आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं, हे मी कुणाला सांगू? लोक बसायला येतात, पाण्याचा तांब्या तोंडाला लावतात आणि म्हणतात, "बाई, माणूस देवासारखा होता." मी मान हलवते. असाल त्यांच्यासाठी देवासारखे. माझ्याशी मात्र तुम्ही दिवाळीपासून कोमलच्या नोकरीवरून भांडत होतात, आणि माझी बोलायची पाळी आली तेव्हा निघून गेलात. असं कुणी करतं का?

तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. शेळ्या-मेंढ्या तुमच्या भावाने त्याच्या कळपात घेतल्या. मी शाळेत जायला लागले. पहिल्या दिवशी मुलं फार शहाण्यासारखी वागली, हळू बोलत होती, पाटी वाजली तरी माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा गोंधळ घातला आणि मला बरं वाटलं. तर आता घर निवांत आहे. आपलं भांडण पुरं करायला हरकत नाही. तुम्ही मध्ये बोलणार नाही, एवढाच काय तो माझा फायदा.

सुरुवात तुम्हीच केलीत, हे आधी मान्य करा. कोमल बी.कॉम. झाली, पुण्याच्या एका कंपनीत तिची निवड झाली. विम्याचे पैसे मागणाऱ्या लोकांची कागदपत्रं कॉम्प्युटरवर तपासायचं काम. तुमच्या-माझ्या दोन्ही घरांतून पुण्याला नोकरीला निघालेली ती पहिलीच मुलगी. मी पेढे आणले. तुम्ही बॅनर लावलंत. तेही कुठे, तर कनेरगाव नाक्यावर, गजाननच्या हॉटेलासमोर, हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल असं. मधोमध कोमलचा कॉलेजातला फोटो, कोपऱ्यात फेटा बांधलेले तुम्ही, खाली तुमच्या सगळ्या चहावाल्या मित्रांची तोंडं, आणि वर मोठ्या अक्षरात, 'नाक्याची वाघीण'.

"ती काय निवडणुकीला उभी आहे का?" मी म्हणाले.

"पुढाऱ्याच्या पोराचं लागते, माझ्या पोरीचं काहून न्हाई?" तुम्ही म्हणालात. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी स्कूटी थांबवून ते बॅनर नीट बघून घेतलं. 'अभिनंदन'मधल्या 'भि'ची वेलांटी चुकली होती. तेवढं सोडलं तर छान होतं.

ती गेली आणि घर फोनवर आलं. तुम्ही शेळ्या बांधून हातपाय धुतले की फोन घेऊन खाटेवर बसायचात, मी कणीक मळताना कान इकडे द्यायचे. तिच्याशी बोलून झालं की तुम्ही फोन मांडीवर ठेवून निकाल द्यायचात. तुमचं ते एक शास्त्रच झालं होतं.

"पोरगी बराबर न्हाई."

"का? आत्ता तर म्हणाली, ठीक आहे."

"तेच त. 'ठीक आहे' म्हणली. आपल्या घरात कोण म्हणते ठीक आहे?"

आता यात माझा संबंध कसा येतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच, पण मांडून ठेवते. मी मास्तरीण. इतकी वर्षं मुलांच्या वह्यांतलं 'खेळून राहिलो', 'जाऊन राहिलो' मी लाल पेनाने खोडत आले आणि वर 'खेळत आहे', 'जात आहे' लिहीत आले. आपल्या घरात म्हणूनच दोन भाषा होत्या, एक माझी वहीतली आणि एक तुमची कळपामागची. कोमल माझ्यासमोर 'जेवते आहे' म्हणायची आणि तुमच्याकडे पळाली की 'जेवून राहिले'. लहानपणापासून तिला हे न चुकता जमायचं. मला त्यात वाईट काही वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. मुलांना लिहिताना नीट लिहिता आलं पाहिजे, हे माझं म्हणणं मी तुम्ही गेलात म्हणून बदलणार नाही.

पण पुण्यात पहिल्याच महिन्यात एक गंमत झाली. तिच्या सरांनी फोनवर विचारलं, फाईल पाठवली का? ही घाईत बोलून गेली, "पाठवून राहिले, सर." सर म्हणाले, "म्हणजे पाठवून झाली, की पाठवायची राहिली?" आजूबाजूचे सगळे हसले. तिने ती गोष्ट आपल्याला हसत हसत सांगितली. तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात आणि मग एकदम थांबून विचारलंत, "पण ते हसले काहून?" त्या दिवसानंतर तिच्या बोलण्यातलं 'राहिले' गेलं. आपल्याशी बोलतानाही 'करतेय', 'येतेय' यायला लागलं. मी म्हणाले, शहरात राहायचं तर तिथलं बोलणं येणारच, चांगलं आहे. तुम्ही म्हणालात, लेकरू घरी फोन करतानाही हापिसातच बसलेलं आहे. त्या दिवशी आपण जेवलो तेही एकमेकांकडे न बघता.

दिवाळीला ती आली, दोन दिवस राहिली, त्यातला दीड दिवस लॅपटॉपसमोर. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, प्रोजेक्ट आहे. तुम्ही विचारलंत तर म्हणाली, प्रोजेक्ट आहे. परत गेली. आणि मग तो रविवारचा फोन आला. आठवतो?

"पप्पा, म्या एकदम मस्त हाय! आत्ताच जेवून राहिले. तुमी काहून काळजी करून राहिले? काहून रोज रोज इचारता? काहून टेन्शन घेता?"

तुमचा चेहरा असा उजळला! फोन ठेवून तुम्ही उठलात, शेळीच्या पिलाला उचललंत आणि त्यालाच सांगितलंत, "आपली पोरगी खुश हाय बरं का!" मी मात्र वह्या तपासायचं पेन खाली ठेवलं. कारण माझ्या कानांना सवय आहे. खोटं बोलणारं पोरगं मला पाठमोरं असलं तरी कळतं. कोमल 'म्या' कधी म्हणत नव्हती, तुम्हीसुद्धा म्हणत नव्हतात. एका दमात तीन 'काहून' तर आपल्या नाक्यावर भांडणातही कुणी म्हणत नाही. आणि दुपारचे चार वाजले होते, चार वाजता कोण जेवून राहिलं? तुमचं शास्त्र तिला कळलं होतं. बापाला कुठल्या बोलण्याने बरं वाटतं ते ओळखून तिने ते मापापेक्षा जास्त ओतलं होतं.

"अवो, ती नाटक करून राहिली," मी म्हणाले.

तुम्ही पिलू खाली ठेवलंत. "मास्तरीण, काय म्हणलीस?"

"नाटक करून राहिली म्हणते मी! ऐकू येत न्हाई का?"

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या तोंडून ते पहिल्यांदा आलं. तुम्हाला आधी हसू फुटलं. टाळी वाजवायला हात वर गेला होता तुमचा. मग तो हात तसाच राहिला. मी उगीच घसरणार नाही, हे तुम्हाला कळलं. त्या गुरुवारी मी शाळेतून रजा घेतली आणि आपण हिंगोलीला जाऊन पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलो. तिला सांगितलंही नाही.

तिची ती खोली मला अजून दिसते. तीन मुली, तीन गाद्या, खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. बाकीच्या दोघी बाहेर गेल्या होत्या. कोमलने दार उघडलं आणि आपल्याला बघून आनंद व्हायच्या आधी तिला भीती वाटली. तिने पटकन मागे वळून खोलीकडे बघितलं. मी पाठवलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कपाटावर होता, मी लावलेली चिकटपट्टी अजून त्याच्यावर तशीच होती. फोनवर मात्र तिने मला सांगितलं होतं, चटणी संपत आली, पुढच्या वेळी तिखट जास्त घाल.

तुम्ही डब्याकडे बघितलं नाही. तुम्ही म्हणालात, "चल माय, चहा पाज."

ऑफिसच्या समोरच्या टपरीवर तिच्या ओळखीची चार-पाच मुलं भेटली. तिच्या खोलीतली श्रद्धा होती, लातूरकडची, आणि जळगावचा एक उंच मुलगा. मी सवयीने विचारलं, "कसे आहात रे सगळे?"

"मस्त, काकू!" सगळे एका सुरात म्हणाले, शाळेत 'गुड मॉर्निंग, मॅडम' म्हणतात तसे.

मग तुम्ही विचारलंत, "काय तकलीफ हाय?"

तुमचा हा प्रश्न मला कधीच आवडला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. घरी आलेल्या पाहुण्याला, बांधावर भेटलेल्या माणसाला, लग्नात नवरदेवालासुद्धा तुम्ही हेच विचारायचात. मी किती वेळा म्हटलं, तकलीफ आहे का विचारा, काय तकलीफ आहे काय विचारता, असायलाच पाहिजे का? तुम्ही म्हणायचात, "असतेच." ती मुलंही आधी हसली. मग तो जळगावचा मुलगा ग्लासातल्या चहाकडे बघत म्हणाला, "काका, झोप येत नाही." त्याच्या मागून श्रद्धा म्हणाली, "मला रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो, सोमवार येणार म्हणून." एक जण म्हणाला की घरी सगळ्यांना वाटतं, मी एसीत बसून मजा करतो. अर्धा तास तिथे चहावर चहा झाला. मुलं बोलत होती आणि त्यांना एकमेकांचं ऐकून नवल वाटत होतं. रोज शेजारी बसायची, पण हे त्यांना एकमेकांचं माहीत नव्हतं.

कोमल तुमच्याकडे बघत होती.

इथवर तुमचं सगळं बरोबर होतं. पण मग तुम्ही ग्लास ठेवलात आणि म्हणालात, "चल माय, सामान भर. घरी जाऊ." मी म्हणाले, "सामान-बिमान भरू नको." तुम्ही म्हणालात, "लेकरू वाळून चाललं, दिसत न्हाई का तुला?" मी म्हणाले, "दिसतंय, पण नोकरी काय गोठ्यातलं दावं आहे का, सोडलं की सुटलं?" भर टपरीवर, तिच्या सोबतच्या मुलांसमोर आपण दोघं हमरीतुमरीवर आलो. मध्ये ती उभी होती. तिने मोबाईल बघितला आणि म्हणाली, "मला लॉगिनची वेळ झाली. तुम्ही जेवून जा." आणि रस्ता ओलांडून आत गेली.

येताना दिवसाची एसटी होती. आपण जे भांडायला लागलो ते मागच्या सीटवरच्या आजोबांनी "बाबांनो, थोडं पाणी प्या" म्हणेपर्यंत.

मी तुम्हाला माझ्या पहिल्या नोकरीची आठवण दिली. शिक्षणसेवक म्हणून मला तांड्यावरची शाळा मिळाली होती. मुलांची घरची बोली वेगळी, माझं त्यांना कळेना, त्यांचं मला. मी 'ससा' शिकवायची आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. रोज संध्याकाळी तुम्ही मोटारसायकलवर न्यायला यायचात आणि मी मागे बसून रडायची. एकदा तुम्ही गाडी बांधाला लावून विचारलंत, काय तकलीफ हाय? मी मुलांना, शाळेला, सरकारला, तुम्हाला, सगळ्यांना शिव्या दिल्या. तुम्ही ऐकलंत आणि गाडीला किक मारलीत. दुसऱ्या दिवशी मी परत गेले. पुढे त्याच मुलांनी मला त्यांची बोली शिकवली. मी टिकले. तेच मी तुम्हाला सांगत होते, की पहिली नोकरी सगळ्यांनाच रडवते, कोमलही टिकेल.

"तू सांजच्याला घरी येत होतीस," तुम्ही म्हणालात. "ती कुठं येऊन राहिली?"

हार मानवेना म्हणून मी म्हणाले की तुम्हाला नोकरीतलं काय कळतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. जालना गेलं तरी बघतच होतात.

नोकरीतलं तुम्हाला काय कळतं, हे मी म्हणाले खरं. पण माझी नोकरी कुणामुळे, हे मला कळत नाही असं समजू नका. डी.एड.ची परीक्षा होती तेव्हा कोमल तान्ही होती. बाकीच्या बायकांच्या सासवा बाहेर लेकरं घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्यात तुम्ही एकटेच बाप्या, खांद्यावर टॉवेल, टॉवेलावर कोमल. ती रडली की तिला घेऊन तुम्ही शाळेच्या मागे जायचात, म्हणजे आवाज मला येऊ नये. लोकांनी तुमची थट्टा केली. तुम्ही म्हणालात, कोकरू घेऊन रानभर फिरतो, त्याला कुणी हसत न्हाई. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. नवऱ्याची स्तुती तोंडावर केली की तो चढतो, असं आमच्या आईचं म्हणणं होतं. आता चढा हवे तेवढे.

पुढचे दिवस भांडण हप्त्याहप्त्याने चालू राहिलं. तुम्ही म्हणायचात बोलवून घे, मी म्हणायची थांबा. शेवटी मी एक फार भारी वाक्य तयार करून ठेवलं होतं. एक शेळी लंगडली म्हणून तुम्ही सगळा कळप गोठ्यात कोंडता का, असं मी तुम्हाला तुमच्याच धंद्यातलं विचारणार होते. त्या दिवशी शाळेतून येताना वाटभर घोकत आले. घरासमोर माणसं जमलेली दिसली. माझं वाक्य अजून माझ्याकडेच आहे. आता ते कुणाच्या कामाचं नाही, आणि खरं सांगते, त्याला तुमच्याकडे उत्तरही असलंच असतं.

कोमल आली. ती रडली नाही. मांडव, पाणी, पाहुण्यांचं जेवण, सगळं तिने हातात घेतलं. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चहाचा ट्रे. बायका म्हणाल्या, बघा, किती खंबीर पोरगी, वाघीणच. तो शब्द ऐकला की तिच्या मानेची शीर ताणली जायची, ते मला दिसत होतं. ऑफिसातून आधी 'काळजी घे, हवा तेवढा वेळ घे' असा मेसेज आला. मग थोड्याच दिवसांत, 'कधी जॉइन होणार?'

एका सकाळी आम्ही दोघी मागच्या पडवीत तूर पाखडत बसलो होतो. मला तुमचं म्हणणं आठवलं, माझं म्हणणं आठवलं, आणि एकदम लक्षात आलं की आपण दोघांनी भांडून भांडून त्या विषयाचा भुसा केला, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"कोमल, तुला काय करायचंय?"

तिने सूप खाली ठेवलं. "आई, मला आधी झोपायचंय. मग सांगते."

आणि ती झोपली. आतल्या खोलीत, तुमच्या खाटेवर, तुमचंच घोंगडं घेऊन. दुपारी उठली, दोन घास खाल्ले, परत झोपली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी झोपलेलीच. जवळा बाजारच्या अक्का आल्या होत्या, तुमची बहीण, त्यांचा आवाज तुम्हाला माहीतच आहे. "बापाचं तेरावं न्हाई झालं आन् पोरगी खुशाल झोपून राहिली! लोक काय म्हणतील?"

मी दारात उभी राहिले. "झोपू द्या, अक्का. तिच्या पप्पांनी सांगून ठेवलंय, तिला उठवायचं नाही."

"कवा सांगितलं?"

"सांगितलं," मी म्हणाले.

मेलेल्या माणसाच्या नावाने खोटं बोलले. तुमची हरकत नसावी. अक्कांनी डोळे पुसले आणि त्यानंतर अंगणात जो कुणी मोठ्याने बोलेल त्याला त्याच दम द्यायला लागल्या.

तेरावं झाल्यावर ती बोलली. मी तिच्या डोक्याला तेल लावत होते, म्हणजे तिला माझं तोंड दिसत नव्हतं आणि मला तिचं. तिने सांगितलं की ऑफिसात तिला कुणी छळत नाही. पाळ्या बदलत राहतात, कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि काम संपत नाही, एवढंच. घरी आलं तरी मेसेज येतात, उत्तर दिलं नाही तर सकाळपर्यंत छातीत धडधडत राहतं. जेवायला बसलं की घास फिरतो. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडायचं आणि तोंड धुऊन परत यायचं.

"मग सांगायचं नाही का गं आम्हाला?"

"कसं सांगू? पप्पांनी नाक्यावर वाघीण म्हणून लावलेलं. वाघीण घरी फोन करून सांगते का, मला रडू येतंय?" मग म्हणाली, "आणि तुम्ही दोघं मी काय बोलते ते ऐकतच नव्हता. मी कसं बोलते ते ऐकत होता. पप्पांना 'राहिले' पाहिजे, तुला 'आहे' पाहिजे. मग मी ज्याला जे पाहिजे ते देऊन टाकायची."

मला राग आला. तेलाची वाटी खाली आपटली मी. आईबापाने कान देऊन ऐकलं, तर तेही चुकलं का? पण वाटी आपटल्यावर तिने मागे वळून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती माझ्या रागाची वाट बघत बसली होती, की हा ओसरला की पुढचं सांगते. अगदी तुमच्यासारखी. मी वाटी उचलली आणि परत तेल लावायला घेतलं.

त्यानंतर आम्ही हिंगोलीला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तिला तासभर बोलू दिलं, झोपेचं, जेवणाचं विचारलं, पुन्हा या म्हणाल्या, पुण्याहून फोनवर बोललात तरी चालेल म्हणाल्या. नाक्यावर ही बातमी आमच्या आधी पोचली. एक बाई मला म्हणाली, "डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं म्हणे पोरीला?" मी म्हणाले, "पाय मुरगळला की पायाच्या डॉक्टरकडे नेता ना? मग." तुम्ही असतात तर त्या बाईला विचारलं असतं, तुला काय तकलीफ हाय, आणि ती तिथेच बसून तासभर बोलली असती. मला तेवढा धीर नाही.

मग तिने ठरवलं. माझ्यासारखंही नाही आणि तुमच्यासारखंही नाही. ती पुण्याला जाणार होती, पण दिवसाची पाळी मागून, आणि कामाची वेळ संपली की मेसेज दुसऱ्या दिवशी बघायचे असं ठरवून. जमलं तर ठीक, नाही तर नांदेडला किंवा आणखी कुठे दुसरं काम शोधायचं, आणि काही दिवस घरी राहावं लागलं तर राहायचं. गच्चीवर जाऊन तिने सरांना फोन लावला. मी जिन्याखाली उभी होते, दुसरं काय करणार? तिने सगळं सांगितलं. दिवसाची पाळी मिळाली. मेसेजचं सर काही बोलले नाहीत. म्हणजे ते पाठवणार आणि ही बघणार नाही. असंही चालतं म्हणे. नोकरीतलं मला तरी सगळं कुठे कळतं?

जाताना तिने मला एक अट घातली. "फोनवर 'कशी आहेस' विचारायचं नाही. मला सांगायचं असेल ते मी सांगेन. आणि मी 'ठीक आहे' म्हणाले तर ठीक आहे असं समजायचं." मी बरं म्हणाले. पुढचे दोन-तीन फोन इतके अवघड गेले म्हणून सांगू! आम्ही पाऊसपाणी बोललो, मेंढ्यांचं बोललो, अक्कांच्या गुडघ्यांचं बोललो. माझ्या जिभेवर तो प्रश्न येऊन बसायचा आणि मी त्याला गिळून टाकायची. तिनेही काही सांगितलं नाही. मला वाटलं, गेलं, पुन्हा पहिल्यासारखंच झालं.

काल संध्याकाळी मी मेथी निवडत होते. फोन वाजला.

"आई, मला आज बरं नाही वाटत."

मी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"सकाळपासून रडू येतंय. पप्पांची आठवण येतेय. आणि कामात चूक झाली माझी, सगळ्यांसमोर बोलले मला."

"सांग," मी म्हणाले.

ती सांगत बसली. काय चूक झाली, कोण काय बोललं, ही काय बोलली, कुणाची बाजू कुठे चुकली. मध्ये रडली, मध्ये श्रद्धाने तिला काहीतरी विचारलं, तिने नाक ओढत तिला उत्तर दिलं, परत मला सांगायला लागली. तुमचं नाव निघालं तेव्हा आम्ही दोघीही रडलो, आणि गंमत म्हणजे बऱ्याच दिवसांनी ते रडणं अवघड गेलं नाही. अंधार पडला, मी दिवा लावायला उठलेसुद्धा नाही. शेवटी ती म्हणाली, "ठेवू का आता? भूक लागली. श्रद्धाने खिचडी टाकलीय."

"ठेव. गरम खा."

फोन ठेवला आणि मला इतका आनंद झाला, इतका, की चप्पल घालून शेजारी सांगायला निघाले होते. अंगणातूनच परत आले. पोरगी तासभर रडली म्हणून आई हरखून गेली, हे ऐकून त्यांनी मलाच हिंगोलीला नेलं असतं. म्हणून तुम्हाला सांगतेय. अवो, आपल्या लेकराला काल बरं नव्हतं, आणि तिने ते आपल्याला सांगितलं.